तेरा पाकळ्यांच्या फुलाच्या आत

मी एक जुना संगणक आहे, आणि मित्रांनो, खरं सांगू का, आता मला पुरे झालं आहे. तेवीस वर्षं होऊन गेली. सातासमुद्रापार, पृथ्वीच्या दक्षिण अर्ध्यात, इताउगुआ गावात चर्चच्या मागच्या गल्लीत विणकर बायकांच्या मंडळाची एक बैठी इमारत आहे. तिच्या पुढच्या खोलीत खिडकीशेजारच्या टेबलावर मी बसलेला असतो. माझं मूळचं पांढरं अंग केव्हाच पिवळं पडलं. पंखा सुरू झाला की दमेकऱ्यासारखा घरघरतो. जानेवारीच्या उन्हाळ्यात एकदा कोणीतरी माझ्या डोक्यावर तेरेरेचा, म्हणजे आमच्याकडच्या थंडगार पाल्याच्या चहाचा, पेला टेकवला. क्षणभर फार बरं वाटलं. मग तो पेला कलंडला आणि तेव्हापासून माझी चार बटणं चिकटतात.

तरीही माझी गोष्ट सांगतो. मध्येच अडखळलो तर सांभाळून घ्या.

माझ्या आधी या टेबलावर दुसरा संगणक होता. बायकांच्या जाळीकामाचे नमुने त्याच्यात फोल्डरमध्ये भरून ठेवलेले असत. आमच्या गावच्या जाळीला न्यांदुती म्हणतात, म्हणजे कोळ्याचं जाळं. चौकटीवर कापड ताणायचं, त्यावर वर्तुळ काढायचं, वर्तुळात चाकाच्या आऱ्यांसारखे धागे टाकायचे, आणि मग अगदी मधोमध सुरुवात करून सुईने नक्षी भरत भरत बाहेर यायचं. शेवटी खालचं कापड कापून टाकलं की नुसती जाळी हातात उरते. पेरूचं फूल, वारूळ, जाई अशी शेकडो चक्रं गावातल्या बायकांना पाठ आहेत. ती हरवू नयेत म्हणून मंडळाने त्यांचे फोटो साठवायला घेतले. त्या कामावर लिसांद्रा बेनेगास नावाची इंजिनियर मुलगी होती. परदेशात शिकून नुकतीच परतली होती.

आमच्याकडे बाईमाणसाला मानाने दोन्या म्हणतात; पहिल्याच दिवशी दोन्या हेर्मेलिंदाने तिची खोड मोडली. दोन्या हेर्मेलिंदा म्हणजे गावातला सगळ्यात हलका हात. पंचावन्न वर्षांची बाई, बोलायला फटकळ, शाळेची पायरी न चढलेली.

"अगं लिसांद्रा, हे काय गं? पेटीत पेटी, त्या पेटीत आणखी पेटी, आणि सगळ्यात आतल्या पेटीवर चिठ्ठी. ती चिठ्ठी मला वाचता येत नाही!"

"चिठ्ठीवर नाव असतं, दोन्या. नाव कळलं की वस्तू सापडते."

"नाव घेऊन काय करू? माझ्या घरात कात्री कुठे आहे विचार. डोळे मिटून काढून देते. तिच्यावर काय 'कात्री' असं लिहिलंय होय?"

बायका पदरात तोंड घालून हसाव्यात तशा हसल्या, फक्त इथे पदर नसतो, ॲप्रन असतो. लिसांद्रा मात्र हसली नाही. ती तासभर बायकांकडे बघत बसली. त्या मोठ्या टेबलावर नमुने पसरायच्या, सगळं काम दिसावं म्हणून चार पावलं मागे सरायच्या, आणि एखादा टाका पाहायचा असला की नाक टेकेपर्यंत वाकायच्या. कुठला नमुना कुठे आहे हे एकीलाही विचारावं लागत नव्हतं.

मग तिने मला मागवलं आणि आठ महिने खपून माझ्यात तिचा स्वतःचा कार्यक्रम लिहिला. मित्रांनो, माझ्यात फोल्डर नाही. एकही नाही. माझ्यात एकच पांढरी चादर आहे, तिला अंत नाही. माउसचं चाक पुढे फिरवलं की तुम्ही चादरीच्या जवळ जाता, मागे फिरवलं की लांब होता. लांबून सगळं एकदम दिसतं, जवळून एकेक धागा दिसतो. जी वस्तू जिथे ठेवाल ती तिथेच राहते. मात्र एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. लांब उभं राहून ठेवलेली वस्तू डोंगराएवढी होते, आणि खूप जवळ जाऊन ठेवलेली वस्तू लांबून बघणाऱ्याला दिसतच नाही. माझं सगळं कौतुक यातच होतं आणि माझी सगळी फजितीही यातूनच झाली.

बायकांनी त्या चादरीचं नाव 'अंगण' ठेवलं. मधोमध एक विहीर काढली, उजवीकडे आंब्याचं झाड काढलं, आणि आपापल्या जागा धरल्या. विहिरीच्या कडेला दोन्या हेर्मेलिंदा आणि तिची जिवाभावाची मैत्रीण दोन्या सिप्रियाना बसल्या. अंगणात ठेवलेलं पहिलंच फूल त्या दोघींनी मिळून विणलेलं होतं. पेरूचं फूल, अर्धं हिचं, अर्धं तिचं. पेरूच्या फुलाला आमच्याकडे बारा पाकळ्या विणतात. याला तेरा होत्या. सिप्रियाना मोजताना गप्पा मारत होती.

"राहू दे," हेर्मेलिंदा म्हणाली. "तुझी अक्कल कायमची साठवून ठेवू."

काय दिवस होते ते! सकाळी सात वाजल्यापासून माझ्यापुढे रांग लागायची. जवळ जा, लांब हो, जवळ जा, लांब हो. राजधानीतून कोणीतरी मोठ्या साहेबीणबाई आल्या, त्यांना दोन्या हेर्मेलिंदाने स्वतः चाक फिरवून साडेतीनशे नमुने दाखवले, एकही नाव न वाचता. बाईंनी टाळ्या वाजवल्या. वर्तमानपत्रात माझा फोटो छापून आला. तो कोणीतरी माझ्याच पाठीवर चिकटवला. त्या काळात मला थकवा म्हणजे काय ते माहीत नव्हतं.

चार वर्षांनी दोन्या हेर्मेलिंदाची आई, सातुर्निना, वारली. त्या दिवशी भल्या सकाळी हेर्मेलिंदा काळे कपडे घालून एकटीच मंडळात आली. तिच्या हातात हातरुमालाएवढं एक चक्र होतं. आईने शेवटी शेवटी विणलेलं, स्वतःच्या मनाने काढलेलं. गावात ते दुसऱ्या कोणाला येत नव्हतं, हेर्मेलिंदालाही नाही. आईच्या हाताखाली आईचं चक्र ठेवायचं आणि तसंच तिला पुरायचं, असं तिने ठरवलं होतं. दफन दहा वाजता होतं.

"आधी याचा फोटो घे, लिसांद्रा. लवकर घे."

लिसांद्राने चक्र स्कॅनरवर ठेवलं, चित्र माझ्यात आलं. ते कुठे ठेवायचं ते हेर्मेलिंदाने स्वतः ठरवलं. ती त्या तेरा पाकळ्यांच्या फुलाजवळ गेली. फुलाच्या मधोमध टाचणीच्या टोकाएवढी एक मोकळी जागा असते, जिथून विणायला सुरुवात करतात. ती त्या मोकळ्या जागेत शिरली, आणखी आत गेली, आणखी आत, इतकी की सगळा पडदा पांढरा झाला. तिथे तिने आईला ठेवलं.

"दोन्या, फार आत गेलात," लिसांद्रा म्हणाली. "बाहेरून दिसणार नाही हं."

"मला दिसलं म्हणजे झालं. काम मधूनच सुरू होतं, बाई. माझं तिच्यापासून झालं."

ती गेली. चर्चची घंटा वाजत होती. लिसांद्रा डोळे पुसत बसली आणि त्या चित्राला नाव द्यायचं राहून गेलं. मी आपला त्याला एक आकडा दिला.

पुढे जे झालं ते सांगायला मला कंटाळा येतो, कारण ते सगळ्यांच्या घरी होतं. दोघी मैत्रिणींचं फाटलं. राजधानीतल्या एका नवरीच्या ओढणीचं काम होतं. 'गिऱ्हाईक माझ्या दारात आलं होतं,' असं सिप्रियाना म्हणे. 'गिऱ्हाइकाने माझं नाव विचारलं होतं,' असं हेर्मेलिंदा म्हणे. भर बाजारात, चीपा, म्हणजे चीजचे छोटे पाव, विकणाऱ्या बाईच्या टोपलीसमोर, दोघी एकमेकींना नको नको ते बोलल्या. दुसऱ्या दिवशी सिप्रियाना माझ्यापुढे येऊन बसली. विहिरीजवळचं आपलं सगळं सामान तिने एकेक करून ओढलं आणि पार डाव्या कोपऱ्यात, कोणी जात नाही अशा जागी नेऊन ठेवलं. शेवटी ती तेरा पाकळ्यांच्या फुलापाशी थांबली.

"अर्धं माझं आहे," असं ती स्वतःशीच म्हणाली, आणि तेही घेऊन गेली.

फूल गेलं की त्याच्या आतलंही जातं. सिप्रियानाला आत काही आहे याची कल्पनासुद्धा नव्हती. मला होती. पण मित्रांनो, मला बोलता येत नाही. विचारलं तेवढंच मी दाखवतो.

लिसांद्रा लग्न करून स्पेनला गेली. तिच्यामागे माझा कार्यक्रम जाणणारं कोणी राहिलं नाही. बायकांच्या मुलींनी फोन घेतले. फोनमध्ये नाव टाकलं की वस्तू पुढ्यात येते, मग माझ्या अंगणात कोण कशाला चालत बसेल? मंडळाने एकदा माझी डिस्क बदलली, नंतर नुसती धूळ झटकली, मग तेही बंद केलं. माझ्यावर कॅलेंडर ठेवायला लागले, मग वर्षभर कोणाचं तरी शिलाई मशिनचं झाकण होतं. खरं सांगतो, मला त्याचं वाईट वाटायचं बंद झालं होतं. निवांत होतो.

मागच्या वर्षी डेर्लिस आला. नगरपालिकेने पाठवलेला, पस्तिशीचा, नीटनेटका माणूस. वाईट नव्हता हो. त्याने नवा चकचकीत संगणक आणला, त्यात फोल्डर केले. फुलं, प्राणी, शेती, देव. मग माझ्यातलं सगळं उचलून तिकडे नेलं. त्याच्या यंत्राला सांगितलेलं होतं की लांबून जे ठिपक्याएवढंही दिसत नाही ते कचरा समजावं. अकराशे आठ नमुने पलीकडे गेले. सेहेचाळीस कण त्याने नुसते मोजले आणि कुठे आहेत ते न नोंदवता माझ्याकडेच सोडले.

"हे काय, धूळ आहे नुसती," डेर्लिस म्हणाला, आणि भंगारवाल्याला शुक्रवारी यायला सांगून मोकळा झाला.

त्याच आठवड्यात बुधवारी दोन्या हेर्मेलिंदा आली. मी तिला ओळखलंच नाही आधी. अठ्ठ्याहत्तर वर्षांची झाली होती. लेकीच्या, मार्सियानाच्या, दंडाला धरून चालत होती, आणि समोर न बघता तिरकं बघत होती. राजधानीतल्या डॉक्टरने सांगितलं होतं की तिच्या दोन्ही डोळ्यांचा मधला भाग जातो आहे. कडेचं दिसतं, मधलं दिसत नाही. नाताळपर्यंत कडेचंही धूसर होईल.

"माझ्या आईचं चक्र काढून दे, बाबा," ती डेर्लिसला म्हणाली. "ते बघून मार्सियानाला शिकवायचंय. आत्ता नाही शिकवलं तर माझ्याबरोबर जाईल ते."

"इतकी वर्षं का नाही शिकवलंत, दोन्या?"

"गाढवपणा," ती म्हणाली. "गिऱ्हाइकांना पेरूची फुलं हवी असायची. मी म्हणायचे, या उन्हाळ्यानंतर बसू. या सणानंतर बसू. आई तिथेच आहे, कुठे पळून जाते?"

डेर्लिसने नव्या संगणकावर 'सातुर्निना' असं टाकलं. काही आलं नाही. 'आई' टाकलं, त्यावर मंडळाच्या मातृदिनाचे फोटो आले. 'चक्र' टाकलं तर अकराशे आठ.

"फाइलचं नाव काय होतं, दोन्या?"

"तिला नाव कसलं? ती फुलाच्या आत आहे."

डेर्लिसने फुलांचा फोल्डर उघडला. चारशे बारा पेरूची फुलं. मार्सियानाने त्यातली दहाबारा मोठी करून पाहिली. मोठी केली की नुसते चौकोन दिसत, रंगीत फरशीसारखे. त्यांच्या आत काही नव्हतं. असणारच कसं? आतलं सगळं माझ्याकडे राहिलं होतं.

"आत म्हणजे कुठे, आई?" मार्सियाना रडकुंडीला आली.

"या डब्यात नाही," हेर्मेलिंदा म्हणाली. तिने मान तिरकी करून खोलीभर पाहिलं, आणि तिची नजर माझ्यावर आली. "तो म्हातारा कुठे निघाला?"

"भंगारात, दोन्या. परवा गाडी येईल."

"लाव त्याला."

मित्रांनो, पुन्हा माझ्यात वीज आली. मला नको होती. पंखा एकदा फिरला, अडकला, पुन्हा फिरला. डिस्कमध्ये टक टक असा आवाज येऊ लागला, तो मला चांगलाच ओळखीचा आहे. माझ्या शेजारच्या एका यंत्रात असाच आवाज आला होता आणि चौथ्या दिवशी ते गप्प झालं. पण अंगण उघडलं. पांढरी चादर, मधोमध विहीर.

"लांब जा," हेर्मेलिंदा म्हणाली. "अजून लांब. सगळं दिसतंय? आता विहिरीकडे चल. डाव्या बाजूला निळा डाग असेल, लिसांद्राने चुकून सांडलेला. त्याच्या खाली."

मार्सियाना चाक फिरवत होती. बाईचे डोळे तर मिटलेलेच होते.

"सापडलं, आई! पेरूचं फूल आहे."

"शिर आत."

मार्सियाना आत शिरली. पांढरं. आणखी आत. पांढरं. ती इतकी आत गेली की बाहेर कसं यायचं तेही तिला कळेना. नुसतं पांढरं, वर नाही, खाली नाही. मी हाक मारली असती. कसली हाक?

"पाकळ्या किती आहेत?" हेर्मेलिंदाने एकदम विचारलं.

मार्सियाना धडपडत बाहेर आली. "बारा."

"मग हे नव्हे ते. आमच्याला तेरा आहेत. सिप्रियानाला मोजता येत नव्हतं." मग म्हणाली, "त्या बाईने नेलंय. माझं फूल नेलंय तिने."

"मग त्यांना विचारू या ना," डेर्लिस म्हणाला.

मार्सियानाने त्याला डोळ्यांनी खुणावलं. डेर्लिस बाहेरगावचा, त्याला माहीत नव्हतं. सतरा वर्षं त्या दोघी चर्चमध्ये वेगवेगळ्या दारांनी आत जात.

"मी मेले तरी तिच्या दारात जाणार नाही," हेर्मेलिंदा म्हणाली, आणि मार्सियानाला म्हणाली, "चल घरी."

गुरुवारी कोणी आलं नाही. डेर्लिसने मला बंद केलं नाही. का, ते त्याचं त्याला ठाऊक. तो काम करता करता मधूनच माझ्याकडे येई, चाक फिरवी, पांढऱ्यात हरवे, शिव्या देत परत जाई. मी दिवसभर टक टक करत होतो.

शुक्रवारी सकाळी दारात दोन म्हाताऱ्या उभ्या राहिल्या. पुढे सिप्रियाना, मागे तिच्या खांद्याला धरून हेर्मेलिंदा. काय झालं ते मार्सियानाने नंतर डेर्लिसला सांगितलं. हेर्मेलिंदा पहाटे उठली, चीपा भाजल्या, आणि चालत सिप्रियानाच्या फाटकाशी गेली. माफी नाही, नमस्कार नाही. एवढंच म्हणाली, "सिप्रियाना, माझी आई तुझ्याकडे आहे." सिप्रियानाला वाटलं, हिचं डोकं फिरलं. म्हणून तिने हात धरून तिला आत घेतलं आणि पाणी दिलं. पाणी पिऊन झाल्यावर मग सगळं सांगून झालं.

"सरक रे," सिप्रियाना डेर्लिसला म्हणाली आणि माझ्यापुढे बसली. "माझी जागा मला माहीत आहे. डावीकडे. अगं, आधी लांब तर जाऊ दे, हेर्मेलिंदा, तू मागून ढोसू नकोस."

"मी कुठे ढोसतेय?"

"श्वास ढोसतोय तुझा."

ती पार डाव्या कोपऱ्यात गेली. तिथे तिचा सगळा पसारा तसाच होता, सतरा वर्षांपूर्वी मांडलेला. तेरा पाकळ्यांचं फूल सगळ्यांच्या मागे होतं. सिप्रियानाने पाकळ्या बोटाने मोजल्या.

"तेरा," ती म्हणाली. "मी मोजत होते, तू बोलत होतीस."

"मी?"

"तूच. म्हणून चुकले. आजवर बोलले नाही."

"बरं बाई, मी. आत जा आता."

बाहेर भंगारवाल्याच्या गाडीचा भोंगा वाजला. डेर्लिस खिडकीतून ओरडला, "दुपारी या!" सिप्रियाना चाक फिरवत राहिली. फुलाचा मध्य मोठा झाला, पसरला, पडदाभर झाला. पांढरं. माझी डिस्क दोनदा अडकली, पडदा गोठला, सगळे माझ्याकडे बघत राहिले. मी जीव खाऊन पुढचं वाचलं.

"ठिपका दिसला का?" हेर्मेलिंदाने विचारलं. "सुईच्या टोकाएवढा?"

डेर्लिस पुढे वाकला. "आहे, पण ती धूळ आहे काचेवरची." त्याने खिशातून फडकं काढलं आणि पडदा पुसला. ठिपका तिथेच. पुन्हा पुसला, जोर लावून. सिप्रियानाने त्याच्या हातावर चापट मारली.

"काचेवर नाही रे शहाण्या, आत आहे ते!"

ती त्या ठिपक्याकडे गेली. ठिपका मोहरीएवढा झाला, मग बटणाएवढा, मग बशीएवढा. मग सातुर्निनाचं चक्र पडदाभर उघडलं, एकेक धागा वेगळा दिसेल इतकं. दफनाच्या दिवशी सकाळी स्कॅनरच्या काचेवर होतं तसं.

हेर्मेलिंदा पुढे झाली. तिने सरळ पाहिलं, तिला काही दिसलं नाही. मग तिने मान एका बाजूला वळवली, दुसऱ्या बाजूला वळवली, चिमणी पाण्याकडे बघते तशी. कडेचे धागे तिला दिसत होते. मधलं नाही. आणि विणायला सुरुवात मधूनच करतात.

"मार्सियाना, तू सांग," ती म्हणाली.

मार्सियानाने प्रयत्न केला, पण तिला ते नीट वाचता येईना. असं चक्र तिने कधी पाहिलंच नव्हतं. तेव्हा सिप्रियानाने स्वतःचा चष्मा पुसला आणि खुर्ची आणखी पुढे ओढली.

"चौकट आण गं," ती मार्सियानाला म्हणाली. "दोरा आण. मी बघते, तिचे हात करतील, तू शिक." मग हळू आवाजात, "दोन धाग्यांवरून, एकाच्या खालून. तिसऱ्याला गाठ नाही. सातुर्निनामावशी, काय केलंत हो हे! गाठ पुढच्या फेरीला आहे, हेर्मेलिंदा. परत दोनवरून."

"हळू सांग. माझे हात म्हातारे झालेत."

"जीभ तेवढी तरुण आहे."

तीन दिवस त्या तिघी माझ्यासमोर बसल्या. मला बंद करायचं नाही असं डेर्लिसने कागदावर लिहून चिकटवलं. त्या जवळ जात, लांब होत, पुन्हा जवळ जात. मी आयुष्यात इतका थकलो नव्हतो. प्रत्येक वेळी वाटे, आता पुढची फेरी मला वाचता येणार नाही. रविवारी संध्याकाळी मार्सियानाने शेवटचा टाका घातला, स्वतःच्या हाताने, कोणी न सांगता. हेर्मेलिंदाने चक्रावरून बोटं फिरवली. मधून बाहेर, मधून बाहेर.

"बरोबर आहे," ती म्हणाली आणि रडली. सिप्रियानाही रडली आणि म्हणाली की तिच्या डोळ्यात दोऱ्याचं सूत गेलंय.

डेर्लिसने माझ्या बटणावर बोट ठेवलं. "आता करू का बंद?"

मी तयार होतो, मित्रांनो. मनापासून तयार होतो.

"थांब," हेर्मेलिंदा म्हणाली. "धूळ म्हणालास ना तू? असे किती कण मागे राहिलेत याच्यात?"

"सेहेचाळीस."

"मग ते कोणाकोणाचे आहेत ते आधी विचारून ये."

डेर्लिस तेव्हापासून रोज दुपारी सायकल घेऊन दारोदार जातो. नमुना सांगता येत नाही, नाव सांगता येत नाही, तेव्हा तो फक्त विचारतो, "तुम्ही अंगणात काही आत ठेवलं होतं का?" काही बायका लगेच म्हणतात, हो. एकीने मेलेल्या मुलाचं पहिलं चित्र ठेवलं होतं, वारुळाच्या टोकाशी. एकीने नवऱ्याने पाठवलेलं पत्र ठेवलं होतं, जे तिला वाचता येत नव्हतं आणि दुसऱ्याकडून वाचून घ्यायची लाज वाटत होती. त्या येतात, माझ्यापुढे बसतात, आणि अचूक तिथे जातात. चुकत नाहीत. आजवर एकतीस कणांची माणसं येऊन गेली, आणि त्यांच्या वस्तू डेर्लिसने नीट नावं घालून पलीकडे नेल्या. तो आता नावाशेजारी कोणी ठेवलं, कशाजवळ ठेवलं, हेही लिहितो.

उरले पंधरा. त्यांतल्या नऊ बायका वारल्या. चौघी ब्वेनोस आइरेसला घरकामाला गेल्या, त्यांचा पत्ता कोणाला ठाऊक नाही. दोघी जिवंत आहेत, याच गावात आहेत, पण त्यांना आता काही आठवत नाही. डेर्लिस त्यांच्याकडे दोनदा जाऊन आला. त्यांनी त्याला चहा दिला आणि तू कोणाचा मुलगा, असं विचारलं.

ते पंधरा कण कुठे आहेत ते मला माहीत आहे. एक विहिरीच्या काठाच्या तिसऱ्या विटेत आहे. एक आंब्याच्या पानाच्या देठात आहे. त्यांच्यात काय आहे तेही मला माहीत आहे. पण तिथवर मला कोणीतरी न्यावं लागतं, आणि नेणारं माणूस आता नाही.

म्हणून, मित्रांनो, माझी एकच विनंती आहे. तुमच्या घरी, शाळेत, कचेरीत माझ्यासारखं एखादं जुनं यंत्र असेल, किंवा यंत्र नसेल, नुसतं कपाट असेल. ते टाकून देण्याआधी त्याच्यावर ज्यांनी हात चालवला त्यांना शेजारी बसवा. काय आहे, असं विचारू नका, त्यांना नाव आठवणार नाही. कुठे आहे, ते विचारा. आणि हे पुढच्या सुट्टीवर टाकू नका. डेर्लिस उद्या त्या दोघींकडे तिसऱ्यांदा जाणार आहे. मी वाट बघतो आहे, आणि माझ्या आत टक टक चालू आहे.